बाई आली नाही आणि तुमची इमर्जन्सी आहे, त्या दिवसाचं काय?

प्रश्न : मी ३२ वर्षांची, भूलतज्ज्ञ. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात पगारी नोकरीत आहे. मुलगी सव्वाचार महिन्यांची आहे, पाच आठवड्यांनी रुजू व्हायचंय. राहायला डोंबिवलीत, घरी नवरा, सासू-सासरे. सकाळी सहाला निघते, संध्याकाळी साडेसहाला परत. महिन्यात सहा इमर्जन्सी, म्हणजे चोवीस तासांची ड्यूटी, आणि दुसऱ्या दिवशी घरी पोचेपर्यंत साडेअकरा होतात. बाळ फक्त अंगावर पितं. सासूबाई म्हणतात, दोन वर्षं घरी बस. एचआर म्हणतं, रुजू होताना ‘कन्सल्टंट’चा नवा करार घ्या, पैसे जास्त मिळतील. रुजू व्हायची इच्छा आहे, पण हे जमेल असं वाटत नाही. हल्ली बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही.
– डॉ. म., डोंबिवली

डॉक्टर, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहावं तसं लिहिलंय. आम्ही तिथूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. बाळ उठतं म्हणून झोप मोडणं वेगळं आणि बाळ गाढ झोपलेलं असताना डोळा न लागणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराची बाळंतीण तुमच्यासमोर पेशंट म्हणून आली असती, तर तुम्ही पुढचे प्रश्न आपोआप विचारले असते. स्वतःच्या बाबतीत डॉक्टर नेमके तेच विसरतात. एडिनबरा स्केल, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची प्रश्नावली, तिचे दहा प्रश्न आज रात्री सोडवा. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, १३ किंवा वर आली तर याच आठवड्यातली. दहाव्या, स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलच्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी कोणाशी तरी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. सोबत टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी) या रक्तचाचण्या करून घ्या. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत थायरॉइडचा दाह होऊन झोप उडणं, छातीत धडधडणं हे प्रकार होतात आणि ते ‘नवी आई आहे, चालायचंच’ म्हणून सोडून दिले जातात. औषध लागलंच तर दूध तोडावं लागेल ही भीती नको. सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधं अंगावर पाजतानाही दिली जातात, हे तुम्हाला माहीत आहे.

आता कागद. एचआरचा तो नवा करार आत्ता सही करू नका. आज तुमचा कर पगारातून कापला जातो, म्हणजे तुम्ही नोकरदार आहात. नव्या करारानंतर तो व्यावसायिक फीमधून कापला जाईल, म्हणजे तुम्ही रुग्णालयाला सेवा विकणाऱ्या व्यावसायिक झालात. हातात येणारा आकडा फुगतो, करातही थोडी सवलत मिळते, हे खरं. पण पीएफ, ग्रॅच्युइटी, पगारी रजा हे सगळं त्या आकड्यातून आधीच वजा झालेलं असतं. त्याहून मोठं म्हणजे मातृत्व लाभाचं संरक्षण नोकरदार बाईला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. कायद्यातल्या मातृत्व लाभाच्या पुढच्या गोष्टी फारशा कोणी वाचत नाही. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा हवी. बाळ १५ महिन्यांचं होईस्तोवर आहे त्याच नेमणुकीवर राहा. एचआरला इतकंच कळवा, ‘कराराचा विचार पुढच्या वर्षी करते.’ कारण सांगत बसू नका.

(ज्यांचा मुदतीचा करार रजा चालू असतानाच संपतो, त्यांच्यासाठी एक ओळ. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात सांगितलं की करार संपला म्हणून मातृत्व लाभ मधेच तोडता येत नाही. त्या दिल्लीत सीनियर रेसिडेंट होत्या. निकालाची प्रत छापून अर्जाला जोडा.)

आता मुख्य मुद्दा. तुमच्या पत्रातलं सगळं गणित साध्या दिवसाचं आहे. साडेबारा तास बाहेर, घरी सासूबाई, बाळाला सांभाळायला एक बाई, जमेल. साधा दिवस जमतोच. घडी विस्कटते ती महिन्यातल्या दोन-तीन दिवसांत. तुमची इमर्जन्सी, बाई आलेली नाही, सासूबाईंचे गुडघे धरलेले, नवऱ्याची मीटिंग. म्हणून व्यवस्था त्या दिवसाला पुरेल अशी लावा. बाकीचे पंचवीस दिवस तिच्यात आपोआप बसतात.

सुरुवात रोस्टरपासून. विभागप्रमुखांना ‘थोडं ॲडजस्ट करा’ असं कधीही म्हणू नका. ॲडजस्टला ना सुरुवात असते ना शेवट, आणि तिसऱ्या आठवड्यात सहकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या दिसू लागतात. एक पानी पत्र द्या, तारखा घालून. पहिले सहा महिने सहाऐवजी तीन इमर्जन्सी, त्या सलग आठवड्यांत नकोत, आणि उरलेल्या तीनच्या बदल्यात सातव्या महिन्यापासून दरमहा एक जास्तीची घेऊन फेड. शिवाय सणाच्या ड्यूट्या मागून घ्या. हे ऐकायला उलटं वाटेल, पण दहीहंडीला, गणपतीत, दिवाळीत नवरा आणि सासरे दोघंही घरी असतात, बाळाकडे बघायला माणसं जास्त असतात. कोकणात जाणारा सहकारी गणपतीतल्या एका ड्यूटीच्या बदल्यात तुम्हाला दोन साध्या ड्यूट्या सोडून देईल. पत्र रोस्टर लागण्याच्या किमान तीन आठवडे आधी पोचलं पाहिजे. लागलेलं रोस्टर बदलायचं म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी ठरलेली सुट्टी हिसकावणं होतं.

भूलतज्ज्ञाची खरी अडचण अशी की ओपीडीसारखं ‘दहा मिनिटांत येते’ म्हणून उठता येत नाही. दूध काढायला कागदावर २० मिनिटं लागतात. प्रत्यक्षात गाउन काढणं, हात धुणं, पंप जोडणं, नंतर बाटली फ्रिजमध्ये ठेवणं धरून अर्धा तास जातो. तो अर्धा तास त्या दिवशीच्या ऑपरेशनच्या लिस्टमध्येच लिहून घ्या. सकाळी लिस्ट सुरू व्हायच्या आधी एकदा, अकरा-साडेअकराच्या आसपास, आणि पुन्हा तीनला. कुठली केस आधी लावायची यात तुमचा शब्द चालत असेल तर पहिली लांबलचक केस घेऊ नका. ती लांबली की अकराची वेळ गेली. रिलीव्ह करणाऱ्याला हँडओव्हर मेंटेनन्सच्या, म्हणजे भूल स्थिर चालू असलेल्या सपाट टप्प्यात द्या, इंडक्शन (भूल चढवणं) किंवा एक्स्ट्युबेशन (श्वासनळीतली नळी काढणं) तोंडावर असताना नाही. आणि ज्या दिवशी रिलीव्हर मिळणारच नाही, त्या दिवशी दोन केसच्या मधे पाच मिनिटं हाताने थोडं दूध काढून छाती मोकळी करा. त्याने बाळाचं पोट भरणार नाही, पण गाठ धरणार नाही. एक वेळ पूर्ण चुकली की दुसऱ्या दिवशी गाठ आणि तिसऱ्या दिवशी ताप, हा क्रम तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. गाठ धरलीच तर जोरजोरात मालिश करू नका, सूज वाढते. थंड शेक घ्या, वेदनाशामक घ्या, नेहमीइतकंच दूध काढा. चोवीस तासांत उतार नसेल तर प्रतिजैविकाचा निर्णय दुसऱ्या डॉक्टरला घेऊ द्या, स्वतःचं प्रिस्क्रिप्शन स्वतः लिहू नका.

दूध किती लागेल याची भीती बहुतेकींना गरजेपेक्षा जास्त असते. या वयाचं बाळ दिवसभरात साधारण ७५० मिली पितं, म्हणजे आई दूर असेल तेव्हा तासाला २५ ते ३० मिली धरा. साध्या दिवशी तुमचे साडेबारा तास म्हणजे साडेतीनशे मिलीच्या आसपास. इमर्जन्सीला सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशीचे साडेअकरा, साडेएकोणतीस तास म्हणजे साडेसातशे ते नऊशे. फ्रीझर दुधाने भरून टाकायची गरज नाही. एक इमर्जन्सी आणि एक साधा दिवस पुरेल इतका, सव्वा ते दीड लिटर साठा हवा. नंतर आज रुग्णालयात काढलेलं उद्या बाळ पितं आणि चक्र चालू राहतं. पाच आठवडे आहेत. रोज सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर पंधरा मिनिटं पंप लावलात, चाळीस-पन्नास मिली निघालं, की पस्तीस दिवसांत दीड लिटर जमतं. सुरुवातीचे चार दिवस वीसच मिली निघेल. निघू दे.

पंप डबल इलेक्ट्रिक घ्या, आणि घेण्याआधी स्तनाग्राच्या बुडाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. खोक्यात बहुधा २४ मिमीचं फ्लँज (स्तनावर बसणारं नरसाळं) येतं आणि पुष्कळ बायकांना ते मोठं होतं. मोठं झालं की भोवतीची त्वचा आत ओढली जाते, दुखतं आणि दूध कमी निघतं. मग ‘माझं दूधच आटलं’ असा समज होतो. मोजलेल्या मापापेक्षा दोन-तीन मिमी मोठं फ्लँज पुरतं. दुसरी गंमत व्हॉल्व्हची. ते मऊ रबरी चोचीसारखं असतं, ते दोन-तीन महिन्यांत सैल पडतं, ओढ कमी होते आणि दोष पुन्हा आईच्या दुधावर जातो. दोन जास्तीचे व्हॉल्व्ह आत्ताच आणून ठेवा. फ्लँज-व्हॉल्व्ह-बाटलीचे तीन संच घ्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) हात धुवायच्या सिंकवर धूत बसावं लागणार नाही. घरी येऊन साबणाने धुवा, पाच मिनिटं उकळा, स्वच्छ कापडावर वाळू द्या. ब्रामध्ये बसणारे बिनआवाजी पंप दिसायला सोयीचे, पण वाकलात की गळतात. तुम्हाला ट्रॉलीवर वाकावं लागतं.

काढलेलं दूध पँट्रीच्या फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला ठेवा, दारात नाही. सक्सिनिलकोलीन आणि ॲट्राक्युरियम ज्या फ्रिजमध्ये असतं त्यात मुळीच नाही. कितीही हाताशी असला तरी तो औषधांचा फ्रिज आहे, आणि दुधाच्या बाटलीवरून सिस्टरांशी वाद घालायची वेळ तुम्हाला आणायची नाही. बाटलीवर नाव, तारीख, वेळ. फ्रिजमध्ये ४ अंशांना दूध चार दिवस टिकतं. बाहेर चार तास म्हणतात, पण मे महिन्यातल्या मुंबईत त्या चार तासांवर विसंबू नका, थेट बर्फात टाका. लोकलसाठी गोठवलेले जेलपॅक घातलेली थंड पिशवी, तिच्यात दूध चोवीस तास राहतं. गर्दीच्या लेडीज डब्यात काढलेलं दूध साठवायच्या प्लास्टिक पाकिटांवर भरवसा नको, दादरला ढकलाढकलीत एक तरी फुटतं. प्रवासात कडक बाटल्याच, उभ्या, झाकण घट्ट. घरी फ्रीझर स्वतंत्र दाराचा असेल तर दूध सहा महिने चांगलं राहतं. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा असेल तर दोन आठवड्यांतच संपवा. शंभर-शंभर मिलीचे भाग करा, जुनं आधी वापरा. वितळवायला आदल्या रात्री खालच्या कप्प्यात किंवा कोमट पाण्यात, मायक्रोवेव्ह नको. वितळलेलं चोवीस तासांत संपवायचं, आणि बाळाने तोंड लावून उरवलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं. वितळलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो. तो दुधातल्या लायपेज या विकरामुळे येतो, दूध नासलेलं नसतं. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही पहाटे पाचला उठून काढलेलं दूध सिंकमध्ये जाईल.

पाजायचं कशाने? वाटी-चमचा किंवा घरात असेल तर बोंडलं. बाटलीचं बूच बाळ नाकारत असेल तर त्यासाठी पंधरवडा घालवू नका. आणि तुम्ही समोर असताना बाळ चमच्याने पिणार नाही, कशाला पिईल? पहिला प्रयत्न नवऱ्याने करावा, तुम्ही घराबाहेर असताना. दुसऱ्या खोलीत नाही, खाली बागेत.

बाई आत्ताच लावा, रुजू व्हायच्या आदल्या सोमवारी नाही. तीन आठवड्यांचा जास्तीचा पगार जाईल, तो जाऊ द्या. पहिल्या आठवड्यात त्या फक्त तुमच्यासोबत बसतील. दुसऱ्यात अंघोळ, दूध, झोपवणं त्या करतील आणि तुम्ही बघाल. तिसऱ्यात तुम्ही रोज दोन-तीन तास बाहेर. आठ-नऊ महिन्यांची मुलं अनोळखी चेहरा बघून रडू लागतात, त्याआधी हा चेहरा ओळखीचा झालेला बरा. पोलीस पडताळणी करून घ्या. आणि त्या कधीतरी येणार नाहीत, हे धरूनच चाला. गावची जत्रा, शिमगा, मुलाचा ताप. त्या दिवसासाठी जवळच्या पाळणाघरात आत्ताच नाव घाला, आणि आठवड्यातून दोन अर्धे दिवस बाळाला खरोखर पाठवा. ऐनवेळी फोन केलात तर ते नवं बाळ घेत नाहीत, आणि घेतलं तर बाळ रडून आकांत करतं. पाळणाघर सुरू झालं की सर्दी-पडसं वर्षातून सात-आठ वेळा येणार. म्हणून वर्षाच्या रजेतले आठ दिवस त्याच्यासाठी राखून ठेवा, लग्नकार्यात उडवू नका.

फ्रिजवर एक कागद चिकटवा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, लागोपाठ दोन वेळा दूध नाकारलं, सहा तासांत लघवी नाही, श्वास जोरात, यातलं काही झालं तर काय करायचं आणि कोणाला फोन करायचा. पहिला नंबर नवऱ्याचा, दुसरा बालरोगतज्ज्ञांचा, तुमचा तिसरा. तुम्ही टेबलाजवळ असताना फोन उचलू शकत नाही, आणि न उचललेले सात कॉल बघून तुमचं लक्ष मॉनिटरवर राहणार नाही. अगदीच अडलं तर ओटीचा लँडलाइन.

घरात एक शब्द बदला. नवरा ‘मदत’ करत नाही. इमर्जन्सीच्या रात्री तो चार्जवर आहे. हँडओव्हर तुम्ही ड्यूटीवर देता तसाच द्या. शेवटचं दूध कधी, किती, शी-शू, औषध, काय राहिलंय. आणि सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक : इमर्जन्सी करून तुम्ही साडेअकराला दारात आलात की बाळ तुमच्या हातात आणि बाई सुट्टीवर. असं करू नका. बाळाला अंगावर पाजा, बाईंच्या हातात द्या आणि दार लावून झोपा, किमान चार तास. त्या दिवशी बाई संध्याकाळपर्यंतच पाहिजेत. एरवीच्या रात्री दहा ते तीन बाळाला काढलेलं दूध नवऱ्याने पाजावं. सलग पाच तासांची एक झोप तुकड्यातुकड्यांच्या आठ तासांपेक्षा बरी. ड्यूटीहून येताना स्वतः गाडी चालवू नका. लोकलमध्ये झोप लागली तर फार तर कल्याणला उतराल.

पावसाचं वेगळं धरा. सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की इमर्जन्सी नसतानाही रात्र रुग्णालयात जाते. लॉकरमध्ये एक हातपंप, जास्तीचा संच, कपडे, आणि घरी एक दिवसाचं जास्तीचं दूध, जून ते सप्टेंबर कायम. साठा वाढतच गेला तर सायन रुग्णालयात मानवी दूध पेढी आहे, १९८९ साली सुरू झालेली, आशियातली पहिली. चाचण्या करून दूध घेतात.

सासूबाईंचं दोन वर्षांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, पण भूलशास्त्रात हात दोन वर्षं बाजूला ठेवणं महाग पडतं. घरी बसायचं ठरलंच, तर आठवड्यातून एक-दोन लिस्ट कुठेतरी चालू ठेवा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण लागतात, ते थांबवू नका, आणि इंडेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटच्या दाव्यांपासूनचा डॉक्टरचा विमा, एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. ती तुटली की मागच्या तारखेपासूनचं संरक्षण जातं आणि जुन्या केसचा दावा उद्या आला तर तुम्ही उघड्यावर. परळला भाड्याने घर घ्यायचा विचार मनात येईल. सासू-सासरे बरोबर येणार नसतील तर घेऊ नका. रोजचे तीन तास वाचतील, पण घरातली दोन माणसं जातील.

सासूबाईंशी भांडण करायचंच तर दोनच गोष्टींवर करा. सहा महिने होईपर्यंत दुधाशिवाय काही नाही, सहाणेवर उगाळलेली बाळगुटीही नाही. आणि वर्षापर्यंत मध नाही, बोटाने चाटवायलाही नाही. काजळ, टोपडं, दृष्ट काढणं यावर एक शब्दही बोलू नका. वरचं खाणं सुरू करायची वेळ तुमच्या रुजू होण्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येईल. ते बरंच झालं, दोन नव्या गोष्टी एकाच आठवड्यात नकोत. नाचणीचं सत्त्व, मऊ वरण-भात, पहिल्यांदा दोन-तीन चमचे, तेही रविवारी, तुम्ही घरी असताना.

रुजू होण्याआधी तीन रंगीत तालमी करा. पहिली येत्या शनिवारी : सकाळी सहाला पिशवी घेऊन घराबाहेर पडा आणि साडेसहापर्यंत येऊ नका. मैत्रिणीकडे जा, झोपा, दर तीन-साडेतीन तासांनी दूध काढा. दुसरी दोन आठवड्यांनी, एक पूर्ण रात्र, नवरा आणि बाळ. तिसरी बाईंना मुद्दाम सुट्टी देऊन, बाळ पाळणाघरात. प्रत्येक वेळी काय अडलं ते त्याच फ्रिजवरच्या कागदाखाली लिहा. चमचा कमी पडला, दूध उशिरा वितळलं, सासऱ्यांना लंगोट बांधता आला नाही, जे असेल ते. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तो कागद आणि एडिनबराची दुसरी बेरीज आम्हाला पाठवा.